अंगणवाडीत घड्याळ घेऊन बस: वाचकांचे प्रश्न

यंदा मार्चपासून जी पत्रं आणि मेल आले त्यातले निम्म्याहून जास्त कॉलेजच्या मुलामुलींचे आहेत. कुणाला नव्या अभ्यासक्रमातला फील्ड प्रोजेक्ट करायचाय, कुणाला सुट्टीतला रिसर्च प्रोजेक्ट मिळालाय, आणि विषय घेतलाय तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण. मला खरंच आनंद झाला, कारण आमच्या वेळी कॉलेजात या विषयाकडे कुणी ढुंकून बघायचं नाही, बालवाडी म्हणजे बायकांचं काम, त्यात अभ्यास कसला, असं सरळ तोंडावर म्हणायचे. म्हणून या वेळचं सदर सगळं यालाच दिलंय.

प्रश्न: ताई, मी सांगलीला टी.वाय.बी.ए. समाजशास्त्र करतेय. आठ आठवड्यांचा समर रिसर्च प्रोजेक्ट मिळालाय आणि मी विषय दिलाय ‘महाराष्ट्रातील बालशिक्षण धोरण’. सर म्हणतात विषय फार मोठा आहे. मी २०२० चं शैक्षणिक धोरण वाचलं, नोट्स काढल्या, पण पुढे काय करायचं तेच कळत नाही. ४० प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे, ती १०० अंगणवाड्यांत भरून घेऊ का?

उत्तर: तुझे सर बरोबर बोलतायत, आणि ती प्रश्नावली आधी बाजूला ठेव. वाईट वाटून घेऊ नकोस, का ते सांगते.

धोरण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक जाडजूड पुस्तक येतं, पण या वयाच्या मुलांचं धोरण एका कागदात नाहीच, ते थरावर थर असं साचत आलंय. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशभरात मिळून फक्त ३३ प्रकल्प होते. तिच्या सहा सेवा, पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज असेल त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवणं), आयांना पोषण-आरोग्याचं शिक्षण, आणि सहावी सेवा मुलांचं अनौपचारिक पूर्व-शालेय शिक्षण. मग २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आली, तिने ६ ते १४ च्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि सहाच्या आतल्यांना काय दिलं तर कलम ४५, म्हणजे राज्याने प्रयत्न करावा असं मार्गदर्शक तत्त्व, ज्यासाठी कोर्टात भांडता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ११ उघडून बघ, तिथेही तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ अशाच अर्थाची भाषा आहे, केलीच पाहिजे असं नाही. त्या एका क्रियापदावर तुझं एक अख्खं पान होईल बरं का. पुढे २०१३ मध्ये लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाचं वेगळं राष्ट्रीय धोरण आलं, आणि २०२० च्या धोरणाने ३ ते ८ हा पायाभूत स्तर धरला, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एका माळेत ओवली. कागदावर ओवली, कारण अंगणवाडी आहे महिला व बालविकास खात्याकडे आणि पहिली शालेय शिक्षण खात्याकडे, आणि मूल मात्र तेच, एका जूनमध्ये एका दारातून निघून दुसऱ्या दारात जाणारं.

आता हे सगळे थर शेवटी कुठे येऊन पोचतात? एका खोलीत, एका बाईंच्या हातात. तिथून सुरुवात कर.

मी स्वतः पहिल्यांदा अशा अभ्यासाला गेले तेव्हा माझ्याकडेही प्रश्नावलीच होती. ‘रोज पूर्व-शालेय शिक्षण किती वेळ चालतं?’ सेविकाताई म्हणाल्या, दोन तास. मी लिहिलं, दोन तास. पुढच्या गावाला जायची एसटी चुकली म्हणून मी तिथेच कोपऱ्यात बसून राहिले, करायला काही नव्हतं, घड्याळ होतं हातात. ताईंनी मुलांना गोल बसवलं, गाणं सुरू झालं, दुसऱ्या कडव्याला दारात एक गरोदर बाई आली टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा कोरडा आहार, न्यायला, ताई उठल्या, सही घेतली, पाकिटं मोजून दिली. परत आल्या तर पर्यवेक्षिकेचा फोन, कुठलीतरी माहिती आत्ताच्या आत्ता पाहिजे. ती दिली तर एका बाळाचं वजन राहिलेलं. त्या दिवशी मदतनीस बाईंचं पोरगं आजारी होतं, त्यामुळे खिचडीही ताईंनाच बघायची होती. आणि या सगळ्यात खिडकीपाशी लाल फ्रॉकातली एक मुलगी चिंचोके मांडत बसली होती, एक मोठा एक बारका, एक मोठा एक बारका, अशी सरळ रांग, मध्ये एकदा चुकलं तर स्वतःच काढून बदललं. तीनदा ‘ताई बघा’ म्हणाली. मग तिने सगळे चिंचोके फ्रॉकच्या ओच्यात गोळा केले आणि गप्प बसली. क्रम ओळखणं, चूक आपली आपण दुरुस्त करणं, ज्याला अभ्यासक्रमात गणनपूर्व तयारी म्हणतात ती नेमकी हीच, आणि ती बघायला त्या खोलीत कुणाला फुरसत नव्हती.

ताई खोटं बोलल्या नव्हत्या हे नीट लक्षात घे. मुलं दोन तास खोलीत होतीच. पण ज्याला शिक्षण म्हणता येईल, गाणं, गोष्ट, खेळ, गप्पा, ते जेमतेम अर्धा तास झालं असेल, तेही तुकड्यातुकड्याने. तुझी प्रश्नावली १०० अंगणवाड्यांत जाईल आणि शंभर वेळा ‘दोन तास’ लिहून आणेल.

या विषयातलं माझं म्हणणं एकच आहे. लहान मुलांचं शिक्षण धोरण म्हणजे शेवटी त्या एका बाईंचा वेळ. नवा अभ्यासक्रम येऊ दे, नवं ॲप येऊ दे, नवं प्रशिक्षण येऊ दे, तिच्या सकाळच्या तासांतून ते सगळं जातं, आणि तास तेवढेच राहतात. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नोंदींचं ॲप आलं, २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’चं प्रशिक्षण आलं, २०२४ मध्ये केंद्राचा ‘आधारशिला’ अभ्यासक्रम आला, सगळे हेतू चांगले, पण यातल्या कशासाठी किती मिनिटं लागतात ते कुणी सकाळी नऊ वाजता खोलीत बसून मोजलंय?

एक अभ्यास जरूर वाच. तामिळनाडूत ३२० अंगणवाड्या घेऊन अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. निम्म्या अंगणवाड्यांना फक्त बालशिक्षणासाठी अर्ध्या वेळेची एक जादा कार्यकर्ती दिली, बाकी काही बदललं नाही. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, १८ महिन्यांनी मुलांची गणित-भाषेतली प्रगती स्पष्ट दिसली, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मुलांची वाढ खुंटण्याचं आणि तीव्र कुपोषणाचं प्रमाणही कमी झालं, कारण मूळच्या ताईंना आहार-आरोग्याच्या कामाला वेळ मिळाला. आपल्याकडे शिक्षण की पोषण असा वाद चालतो ना, तिथे भांडण या दोघांत नव्हतंच, कमी होते ते हात.

तर तुझा प्रश्न असा लहान कर: मिरज तालुक्यातल्या चार अंगणवाड्यांत, मुलं आल्यापासून जाईपर्यंत, सेविकेचा वेळ कशाकशात जातो आणि त्यातला मुलांसोबत शिकण्याचा किती. चार अंगणवाड्या, प्रत्येकी सहा दिवस, म्हणजे चोवीस दिवस, महिनाभरात होतं. दर पाच मिनिटांनी वहीत एक ओळ, ताई काय करतायत आणि मुलं काय करतायत, दोन वेगळे रकाने. दुसरा रकाना विसरू नकोस, तो रिकामा असला तरी लिही. पहिले दोन दिवस हिशोबात धरू नकोस, पाहुणी आली की सगळेच नीट वागतात, मुलंसुद्धा. उरलेल्या आठवड्यांत सुरुवातीला परवानगी आणि वाचन, शेवटी लिखाण.

वाचनाचं म्हणशील तर शासन निर्णय सरकारच्या साइटवर मराठीत मिळतात ते वाच, आणि लोकसभा-राज्यसभेची लेखी उत्तरं शोध, खासदाराने अंगणवाडीवर प्रश्न विचारला की मंत्रालय राज्यवार तक्ते देतं, त्यातले आकडे तुला दुसरीकडे शोधून सापडणार नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात टाक, १० रुपयांत होतो पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, पाचव्या आठवड्यात टाकलास तर उत्तर येईपर्यंत तुझा रिपोर्ट सबमिट झालेला असेल.

प्रश्न: मी अमरावतीत बी.एस.डब्ल्यू. दुसऱ्या वर्षाला आहे. मेळघाटातल्या एका गावात बालशिक्षणावर प्रोजेक्ट घेतलाय. पण मे महिन्यात इथे अंगणवाडी सकाळी लवकर भरते आणि लवकर सुटते, सेविकाताई पंधरा दिवस सुट्टीवर, मुलंही कमी. शिवाय मुलं कोरकू बोलतात, मला कोरकू येत नाही. सगळा प्रोजेक्ट वाया जाईल का?

उत्तर: वाया कशाला जाईल, पण मे महिन्यातली अंगणवाडी बघून ‘अंगणवाडीत मुलं येत नाहीत’ असं लिहू नकोस म्हणजे झालं. उन्हाळ्यातल्या अभ्यासांची ही जुनी अडचण आहे, आपल्या सुट्ट्या जेव्हा असतात तेव्हाच नेमकं सगळं अर्धं बंद असतं, बरीच कुटुंबंही कामाला बाहेर गेलेली असतात. तेव्हा खोली सोड, उन्हाळ्यातच जे घडतं ते बघ.

२०२२ पासून राज्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान आहे, माहीत असेलच. एक मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये शाळा सुरू होताना. मेळाव्यात टेबलं मांडलेली असतात, एकावर मूल उडी मारतं, एकावर वस्तूंचं वर्गीकरण करतं, एकावर चित्र बघून बोलतं, आणि कुठे कमी पडतंय ते आईला तिथेच सांगतात. या दोन मेळाव्यांमधल्या उन्हाळी सुट्टीत आयांच्या गटांनी घरी साध्या साध्या कृती करून घ्यायच्या, डाळी निवडायला लावणं, भांडी लहान-मोठी लावणं, गोष्ट सांगणं. आता एप्रिल ते जून हा मधला काळ प्रत्यक्षात कसा जातो, ते बघणारं कुणी नसतं, सगळे अधिकारी मेळाव्याच्या दिवशी फोटोला येतात. तू तिथे आहेस. संध्याकाळी ऊन उतरलं की पाच-सहा घरांच्या अंगणात जाऊन बस, गट जमतो का, आईला मजुरीवरून आल्यावर वेळ होतो का, की आजीच बघते, मोठी बहीण बघते. विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे तुला इतरांपेक्षा थोडे दिवस जास्तच मिळतील.

कोरकूचं म्हणशील तर ती अडचण आहे खरी, पण तोच तुझा विषयही होऊ शकतो. गावातलाच कुणी बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी सोबतीला घे, त्याच्या वेळेचे पैसे दे आणि रिपोर्टमध्ये त्याच्या कामाची नोंद कर. फुकट राबवून घेऊ नकोस. आणि मग एवढंच बघ की मूल कोरकूत काही बोललं तर समोरचं मोठं माणूस कोणत्या भाषेत उत्तर देतं. २०२० चं धोरण म्हणतं शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. हे कुणाच्या तोंडून आणि किती वेळा होतं, ते मोज.

आणि तुझ्यासारख्यांनी ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचं काम वाचायलाच पाहिजे. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला ग्रामबालशिक्षण केंद्र काढून बसल्या, गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्या आधीच बालशिक्षणात मुरलेल्या होत्या, शहरात नाव होतं. बोर्डीत त्यांना दिसलं की वाडीपाड्यावरची मुलं बालवाडीत येतच नाहीत. मग मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे नेऊ म्हणून त्यांनी बालवाडी सरळ पाड्यावरच्या अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्दच तिथून आलाय. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र अशी विकासवाडी केली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. २०२० च्या धोरणात बालवाडी आणि पहिली-दुसरी जोडायचं जे नवीन म्हणून आपण वाचतो ना, ते वारली मुलांबरोबर पालघरच्या टेकडीवर कधीच करून झालंय. तुझ्या रिपोर्टमध्ये परदेशातल्या चार मॉडेल्सच्या आधी हे यायला हवं, असं मला फार वाटतं.

प्रश्न: अंगणवाडीत बसायला परवानगी कुणाची लागते? फोटो काढले तर चालतात का? (पुण्याहून दोन विद्यार्थिनी)

उत्तर: कॉलेजचं पत्र घेऊन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जा, त्यांची लेखी परवानगी घ्या, त्या बीटच्या, म्हणजे अंगणवाड्यांच्या गटाच्या, पर्यवेक्षिकेला भेटा, आणि मग सेविकाताईंना त्यांच्या सोयीने वेळ विचारा. साहेबांची सही आहे म्हणून ताईंना विचारायचं नाही असं करू नका, ‘नाही’ म्हणायची मोकळीक त्यांना खरोखर द्या. मुलांच्या आईवडलांना मराठीत, साध्या शब्दांत सांगा की आम्ही कोण, काय लिहिणार, नाव कुठेही येणार नाही. आणि मुलाला तुमची अडचण होत असेल, ते रडत असेल, तोंड फिरवत असेल तर उठून बाहेर जा, त्याने दिलेला तो नकारच आहे.

फोटो काढू नका. वजनकाट्यावरच्या उघड्या, बारीक मुलाचा फोटो तर अजिबात नाही, पीपीटी कितीही चांगली दिसत असली तरी. चित्र हवं असेल तर खोलीचा नकाशा काढा, दार कुठे, चूल कुठे, खेळणी कपाटात कुलुपात की मुलांच्या हाताच्या उंचीवर. तेवढ्यात खूप काही कळतं.

प्रश्न: ताई, मी सध्या फील्डवर आहे आणि अडकलोय. हजेरीपटावर २५ मुलं, रोज मी मोजतो तर ९ नाहीतर १०. ताई इतक्या प्रेमाने वागतात, रोज चहा देतात, मी हे लिहिलं तर त्यांची नोकरी जाईल का? नाही लिहिलं तर मी खोटा ठरतो. (एक विद्यार्थी, मराठवाडा)

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू आधी मला विचारलंस हे फार बरं केलंस.

आकडा लपवायचा नाही. पण तो आकडा तुला काय सांगतोय ते अजून तुला माहीत नाही, तेव्हा घाईने ‘बोगस हजेरी’ असा मथळाही द्यायचा नाही. ती बाकीची १५ मुलं कुठे आहेत ते आधी बघ. पटावर नाव अंगणवाडीत आणि मूल पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्लिश मीडियम केजीला जातंय असं असेल. काही फक्त जेवणाच्या वेळी येत असतील, काहींचा डबा बहीण घेऊन जात असेल, काही आईबरोबर ऊसतोडीवरून अजून परतलीच नसतील. तीन ते सहाच्या मुलाला दिवसाला ठरलेल्या कॅलरी आणि ठरलेली प्रथिनं द्यायची असा नियम आहे, त्यासाठी मूल पटावर असावं लागतं, आणि पटसंख्या घटली तर वरून विचारणा होते. मग सेविकेने काय करायचं? घरोघर जा, पाच-सहा घरांत नुसतं विचार की मूल सकाळी कुठे असतं. या १५ मुलांची १५ कारणं लिहून आणलीस तर तुझा प्रोजेक्ट त्या हजेरीपटापेक्षा किती तरी मोठा होईल.

लिहिताना गावाचं नाव नाही, अंगणवाडीचा नंबर नाही, तालुकाही नको, तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. शक्य तर एका अंगणवाडीऐवजी तीन बघ आणि तिन्हींचं एकत्र लिही, म्हणजे बोट एका बाईवर जाणार नाही. आणि छापण्याआधी ताईंना ते भाग वाचून दाखव. कठीण वाटेल, पण दाखव. त्यांच्या तोंडून जे स्पष्टीकरण येईल तेही रिपोर्टमध्ये घाल.

एक गोष्ट मनात ठेवूनच लिही. सेविकेला सरकार कर्मचारी म्हणत नाही, मानसेवी म्हणतं, तिला पगार नाही, मानधन मिळतं. केंद्राने ठरवलेलं सेविकेचं मानधन २०१८ पासून महिना ४,५०० रुपये आहे, राज्य त्यात आपली भर घालतं, आणि तेवढ्यासाठीही महाराष्ट्रातल्या सेविकांना २०२३ च्या डिसेंबरात संपावर जावं लागलं होतं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या एप्रिलमध्ये सांगितलं, म्हणजे योजना सुरू होऊन ४६ वर्षं उलटून गेल्यावर. अशा बाईला एका बी.ए.च्या रिपोर्टमुळे नोटीस येणं हा अन्याय होईल, आणि तिने दिलेल्या चहाशी त्याचा संबंध नाही, तिने चहा दिला नसता तरी अन्यायच झाला असता.

प्रश्न: माझी मुलगी अर्थशास्त्राला आहे, मार्क चांगले आहेत. सुट्टीत बँकेत पैसे मिळणारी इंटर्नशिप होती ती सोडून ती अंगणवाडीत जाऊन बसणार म्हणते. समजावून सांगा. (एक पालक, नाशिक)

उत्तर: दादा, तुमची काळजी कळते, पण मी तिच्या बाजूने आहे आणि ते लपवत नाही. अर्थशास्त्रात लहान मुलांवरच्या खर्चाचा अभ्यास ही बाजूची गल्ली राहिलेली नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात इप्सिलँटी गावी १९६० च्या दशकात गरीब घरांतल्या १२३ मुलांवर बालवाडीचा एक प्रयोग झाला, पेरी प्रीस्कूल म्हणतात, त्या मुलांचा माग संशोधकांनी ती पन्नाशीत पोचेपर्यंत ठेवला, आणि त्या आकड्यांवर नोबेल मिळालेल्या जेम्स हेकमनसारख्या अर्थशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं काम केलंय. आपल्याकडे ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी’च्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली, आधीच्या फेरीत ३४.४ होती. इतक्या श्रीमंत राज्यात हे असं का, याचं उत्तर द्यायला हुशार मुली लागणारच आहेत.

पैशांचं मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे. जायचा-यायचा खर्च, जेवण, झेरॉक्स, हे कॉलेजने द्यायला हवं, आणि ज्या घरात सुट्टीची कमाई लागतेच त्या घरातली मुलगी हा अभ्यास करूच शकत नाही याची मला खंत आहे. मुलीला सांगा, विभागप्रमुखांकडे लेखी मागणी कर. तुम्ही पालक म्हणून सही केलीत तर आणखी चांगलं.

प्रश्न: मी २२ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. दर वर्षी कॉलेजची पोरं येतात. फॉर्म भरतात, मुलांना चॉकलेट देतात, सेल्फी घेतात. परत कुणी आलं नाही. आम्ही काय सांगितलं, त्याचं काय झालं, आम्हाला कधी कळलं नाही. तुम्ही या पोरांना एवढं शिकवता, हे पण शिकवा.

उत्तर: ताई, तुमचं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण वरचं सगळं ज्यांनी वाचलं त्यांनी हे वाचल्याशिवाय पान उलटू नये असं मला वाटतं. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, आणि मीही त्या परत न आलेल्यांपैकी आहे. लाल फ्रॉकातल्या त्या मुलीचं मी इतक्या ठिकाणी सांगितलं, पण त्या खोलीत, त्या ताईंना जाऊन सांगितलं नाही की तुमच्याकडे एक मुलगी चिंचोक्यांची अशी रांग लावते. त्यांना किती आवडलं असतं ऐकायला.

यापुढे कुणी विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी त्याच्या वहीत त्याच्याच हाताने परत यायची तारीख लिहून घ्या, आणि ती कॉलेजच्या पत्राच्या मागच्या बाजूलाही लिहून तुमच्याकडे ठेवा. तुमचा हक्कच आहे तो. फॉर्म भरायला बसायच्या आधी विचारा, याचा आमच्या मुलांना काय उपयोग, उत्तर देता आलं नाही तर उद्या ये म्हणा. आणि तुम्हाला जे वाटतं की कुणीतरी मोजायला पाहिजे, रजिस्टरं किती, फोनला रेंज नसते तेव्हा भरलेली माहिती किती वेळा परत भरावी लागते, मदतनीस रजेवर असते तेव्हा मुलांचं काय होतं, तो प्रश्न तुम्हीच त्यांना द्या. बाहेरून आणलेल्या ४० प्रश्नांपेक्षा तो एक चांगला असेल.

आणि विद्यार्थ्यांनो, अहवाल कॉलेजला इंग्रजीत द्यायचा असेल तर द्या, पण दोन पानं मराठीत वेगळी लिहा, मोठ्या अक्षरात, तक्ता एकच. ती घेऊन बीटच्या मासिक बैठकीला जा, त्या दिवशी सगळ्या ताई एकत्र असतात, पर्यवेक्षिकाही असतात, अर्धा तास मागितलात तर देतील. ज्यांचे प्रोजेक्ट गेल्या वर्षी झाले आणि जे परत गेले नाहीत त्यांनीही जा, उशीर झालाय पण तरी जा. चॉकलेट नको, चिंचोके न्या, गोट्या न्या, रिकाम्या बाटल्यांची झाकणं न्या, धुऊन.